शेतातील बिनतारी ओलावा सेन्सरसाठी बॅटरी कशी निवडावी?

समजा हळदीत कंद पोसण्याचा काळ आहे. कृषिपंपाला आज रात्रीची पाळी आहे. मोबाइलवर ओलावा सेन्सर ‘ओलावा पुरेसा’ असे दाखवतो, म्हणून तुम्ही ठिबक सुरू न करता झोपता. प्रत्यक्षात सेन्सरची बॅटरी चार दिवसांपूर्वीच उतरलेली असते आणि मोबाइलवर दिसतो तो शेवटचा जुना आकडा. जमीन मात्र भेगाळायला लागलेली असते. याच्या उलटही घडते. बॅटरीचा दाब कमी झाला की काही सेन्सर ओल्या जमिनीलाही कोरडी ठरवतात. मग गरज नसताना पाणी दिले जाते आणि भारी काळ्या जमिनीत कंदकुजीला आमंत्रण मिळते.

महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावरून परिसराचा पाऊस आणि तापमान कळते. तुमच्या वाफ्यात, मुळाशी किती ओल आहे हे मात्र तिथून कळत नाही. म्हणून रिसोड तालुक्यात हळद, सोयाबीन, तूर, हरभरा घेणाऱ्यांना स्वतःच्या शेतातला छोटा बिनतारी सेन्सर उपयोगी पडतो. असे यंत्र कोणी तयार घेतो, तर कोणाच्या घरातला शिकलेला मुलगा-मुलगी सुटे भाग जोडून बनवते. दोन्ही प्रकारांत यंत्र बंद पडण्याचे नेहमीचे कारण एकच, ते म्हणजे बॅटरी.

चूक बहुधा अशी होते की ‘जास्त एमएएच म्हणजे चांगली बॅटरी’ असे धरून खरेदी केली जाते. खरे तर आधी यंत्राची भूक मोजायची, मग शेतातले ऊन-पाऊस पाहायचे आणि बॅटरी सर्वांत शेवटी निवडायची.

यंत्राची भूक: दोन आकडे विचारा

एमएएच म्हणजे बॅटरीची साठवण. २००० एमएएचचा सेल १ मिलिअँपिअर प्रवाह साधारण २००० तास देतो, १० मिलिअँपिअर दिला तर २०० तास. विहिरीत पाणी किती आणि पंप किती उपसतो, तसाच हा हिशेब आहे.

बिनतारी सेन्सर दिवसभर सारखा चालत नाही. तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. ठरलेल्या वेळी जागा होतो, ओलावा मोजतो, संदेश पाठवतो आणि पुन्हा झोपतो. म्हणून विक्रेत्याला किंवा यंत्र बनवणाऱ्याला दोन आकडे विचारा:

१. यंत्र झोपलेले असताना किती प्रवाह घेते?
२. संदेश पाठवताना जास्तीत जास्त किती प्रवाह घेते?

पहिल्या आकड्यावर बॅटरी किती दिवस टिकेल हे ठरते. दुसऱ्यावर कोणत्या प्रकारची बॅटरी चालेल हे ठरते. हे दोन आकडे सांगता येत नसतील तर ‘दोन वर्षे बॅटरी बघायची गरज नाही’ या बोलण्यावर विसंबू नका.

आकडे स्वतः मोजायचे असतील तर मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून बॅटरीच्या धन तारेत मध्ये जोडा. मीटर बॅटरीच्या दोन टोकांना थेट लावू नका, फ्यूज उडेल. झोपेतील प्रवाह फार कमी असतो, त्यामुळे यंत्र झोपल्यावरच मीटर लहान पट्ट्यावर आणा.

हिशेब करून पाहू

समजा सेन्सर लोरा पद्धतीचा आहे. लोरा म्हणजे कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ. मोकळ्या शेतात तो काही किलोमीटर पोहोचू शकतो, पण संदेश घेणारे यंत्र घरी किंवा गोठ्यावर लावावे लागते. यंत्र दर अर्ध्या तासाला, म्हणजे दिवसातून ४८ वेळा, ५ सेकंद जागे होते आणि त्या वेळी सरासरी ४० मिलिअँपिअर घेते.

- जागेपणीचा खर्च: ४८ × ५ = २४० सेकंद. ४० मिलिअँपिअरने दिवसाला साधारण २.७ एमएएच.
- झोपेतील खर्च: ०.०५ मिलिअँपिअर × २४ तास = १.२ एमएएच.
- एकूण: दिवसाला साधारण ४ एमएएच.

आता तीन अल्कलाइन पेन्सिल सेल एकामागे एक जोडले. प्रत्येक सेल २००० एमएएचचा असला तरी एकामागे एक जोडल्यावर साठवण २००० एमएएचच राहते. तिप्पट होतो तो फक्त व्होल्टेज. सेल शेवटपर्यंत वापरता येत नाहीत, कारण व्होल्टेज घसरले की यंत्र त्याआधीच बंद पडते. म्हणून ७० टक्के धरा, म्हणजे १४०० एमएएच. १४०० भागिले ४ म्हणजे ३५० दिवस. जवळपास वर्ष निघाले.

याच हिशेबात एकच गोष्ट बदला. शिकण्यासाठी मिळणाऱ्या तयार बोर्डांवर सतत जळणारा छोटा दिवा, यूएसबीची चिप आणि जास्त प्रवाह खाणारा रेग्युलेटर असतो. मुख्य चिप झोपली तरी असा बोर्ड १० मिलिअँपिअरपर्यंत घेऊ शकतो. तेव्हा झोपेतील खर्च १.२ वरून २४० एमएएच होतो आणि तेच सेल सहा दिवसांतही उतरतात. अशा यंत्राला दुप्पट मोठी बॅटरी लावली तर बारा दिवस मिळतील. बोर्ड बदलला तर वर्ष मिळेल. म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी यंत्राची भूक कमी करा.

संदेशांची संख्याही तपासा. भारी काळ्या जमिनीतील ओलावा दहा मिनिटांत बदलत नाही. ओलाव्यासाठी दर दोन-तीन तासांनी एक नोंद पुरते. पाऊस आणि वाऱ्याच्या नोंदी मात्र लवकर लागतात.

संदेश पाठवतानाचा जोर: इथे सेल हरतो

शेतात लोरा नसेल आणि यंत्रात सिमकार्ड असेल तर गोष्ट बदलते. जुन्या पद्धतीचे टू-जी मोड्यूल संदेश पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. अशा मोड्यूलला साधारण ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात.

अल्कलाइन पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध नवीन असतानाही साधारण ०.२ ओहम असतो. तीन सेलचा ०.६ ओहम झाला. २ अँपिअर ओढले की १.२ व्होल्ट आतल्या आतच पडतात. ४.५ मधून १.२ गेले, उरले ३.३ व्होल्ट. मोड्यूल बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते. या धडपडीत नवे सेलही काही दिवसांत उतरतात आणि आपण सेलला नावे ठेवतो.

सिमकार्डच्या यंत्राला चांगल्या प्रतीचा लिथियम-आयन सेल लागतो, कारण त्याचा अंतर्गत रोध बराच कमी असतो. सोबत मोड्यूलजवळच मोठा कॅपॅसिटर हवा. तारा जाड आणि आखूड ठेवा. आणखी एक काळजी घ्या. जिओचे जाळे फोर-जी आणि फाइव्ह-जीचे आहे. त्याचे सिम टू-जी मोड्यूलमध्ये चालत नाही. मोड्यूल नेटवर्क शोधत बसते आणि बॅटरी खाली होते. शेतातल्या त्या जागेवर कोणत्या कंपनीची रेंज मिळते हे आधी मोबाइलने पाहा. रेंज कमी असेल तर यंत्राला जास्त जोर लावावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते.

बॅटरीचे प्रकार आणि त्यांचा स्वभाव

साधे झिंक-कार्बन सेल: भिंतीच्या घड्याळात आणि रिमोटमध्ये वापरतो ते. स्वस्त, पण साठवण कमी आणि गळण्याची शक्यता जास्त. शेतातील सेन्सरला वापरू नका.

अल्कलाइन पेन्सिल सेल: १.५ व्होल्ट, हलक्या भारावर साधारण २००० ते २५०० एमएएच. गावातही मिळतात. लोरा सेन्सरला एका हंगामासाठी उत्तम. हंगाम संपला की काढून ठेवा. उतरलेला सेल यंत्रात राहिला तर गळतो आणि पितळी पट्ट्या खातो.

निकेल-मेटल हायड्राइड: पेन्सिल सेलच्याच आकाराचे, पण पुन्हा चार्ज होणारे. १.२ व्होल्ट, साधारण २००० एमएएच. लोरा सेन्सरला चालतात. दोन संच ठेवायचे, एक शेतात आणि एक घरी. उन्हात पडून राहिले तर आपोआप उतरतात, म्हणून वर्षभर विसरून चालत नाही.

लिथियम-आयन, १८६५० आकाराचा सेल: ३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. जोर चांगला, वजन कमी. पण उष्णता सोसत नाही. साधारण ४५ अंशांच्या वर तापमान असताना तो चार्ज करू नये.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट: ३.२ व्होल्ट, पूर्ण चार्ज ३.६ च्या आसपास. त्याच आकारात साठवण लिथियम-आयनपेक्षा कमी, पण उष्णतेत अधिक सुरक्षित आणि दोन हजारांच्या आसपास वेळा चार्ज होऊ शकतो. सौर पथदिव्यांत अशाच बॅटऱ्यांचे संच वापरतात. एक सेल ३.२ व्होल्टचा असल्याने सिमकार्डच्या टू-जी मोड्यूलला थेट पुरत नाही. तिथे दोन किंवा चार सेलचा संच आणि व्होल्टेज उतरवणारे कन्व्हर्टर लागते.

लिथियम-थायोनिल क्लोराइड: ३.६ व्होल्ट, पेन्सिल सेलच्या आकारात साधारण २४०० एमएएच. पाण्याच्या मीटरमध्ये वर्षानुवर्षे चालतो तो हा सेल. पडून राहिला तरी वर्षाला एखादा टक्काच उतरतो. पण मोठा प्रवाह एकदम देत नाही, त्यामुळे सोबत योग्य कॅपॅसिटर हवा. हा सेल कधीही चार्ज करू नका, फुटू शकतो.

१२ व्होल्ट लेड-ॲसिड: बॅटरी फवारणी पंपात आणि बऱ्याच झटका मशीनमध्ये असते ती. रिसोडच्या बाजारात सहज मिळते आणि जुनी देऊन नवी घेता येते. पण जड आहे. अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली किंवा उतरलेली तशीच ठेवली की लवकर खराब होते. छोट्या सेन्सरसाठी ही गरजेपेक्षा मोठी आहे, हवामान यंत्रासाठी चालते. मात्र झटका मशीनच्या बॅटरीवरच सेन्सर जोडू नका. झटक्याच्या स्पंदनांमुळे नोंदी बिघडतात आणि यंत्र जळूही शकते.

गोल नाण्यासारखा सेल, सीआर २०३२: ३ व्होल्ट, साधारण २२० एमएएच. घड्याळाची वेळ जपण्यासाठी ठीक, शेतातून संदेश पाठवण्यासाठी नाही.

मे महिन्याचे ऊन आणि ऑगस्टमधील झड

आपल्याकडे बॅटरीची परीक्षा वर्षातून दोनदा होते.

पहिली उन्हाळ्यात. मे महिन्यात हवेचे तापमान ४२-४३ अंशांवर जाते, तेव्हा उन्हातल्या बंद काळ्या पेटीत ते ५५-६० अंशांपर्यंत चढते. त्याच वेळी सौर पॅनेल पूर्ण जोरात चार्जिंग करत असते. लिथियम-आयन सेलसाठी हे सर्वांत वाईट. यावर उपाय:

- पेटी पांढरी किंवा फिक्या रंगाची घ्या.
- पेटी पॅनेलच्या खाली, सावलीत बसवा. पॅनेल आणि पेटी यांत चार बोटे मोकळी जागा ठेवा.
- वर्षभर उन्हात राहणाऱ्या यंत्रासाठी लिथियम-आयनऐवजी लिथियम-आयर्न-फॉस्फेट घ्या.

दुसरी परीक्षा पावसाळ्यात. झड लागली की आठ-दहा दिवस ऊन दिसत नाही. ढगाळ दिवशी पॅनेल उन्हातल्या क्षमतेच्या दहा-वीस टक्केच देते. म्हणून बॅटरी अशी हवी की पॅनेलने काहीच दिले नाही तरी यंत्र दहा दिवस चालावे. लोरा सेन्सरचा दहा दिवसांचा खर्च ४० एमएएच, म्हणजे काहीच नाही. सिमकार्डचे यंत्र दर अर्ध्या तासाला ४० सेकंद, सरासरी १०० मिलिअँपिअर घेत असेल तर झोपेसह दिवसाला साधारण ५५ एमएएच लागतात. दहा दिवसांचे ५५० झाले. त्याच्या दुप्पट, म्हणजे ११०० एमएएच, वापरता येईल अशी साठवण ठेवा. यासाठी २५०० एमएएचचा एक अस्सल सेल आणि १ वॉटचे पॅनेल पुरते.

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल साधारण २० अंश ठेवा. जूनमध्ये लावलेले पॅनेल तेव्हा उन्हात असते, पण सप्टेंबरमध्ये हळदीची पाने कमरेच्या वर येतात आणि तूर तर डोक्याच्या वर जाते. पॅनेल सावलीत गेले की बॅटरी हळूहळू उतरते आणि कारण लक्षात येत नाही. म्हणून खांब पिकाच्या पूर्ण वाढीपेक्षा उंच रोवा.

पिकाप्रमाणे निवड

सोयाबीन: यंत्र जून ते ऑक्टोबर चालणार. लोरा सेन्सर असेल तर तीन अल्कलाइन सेल पुरेसे. सौर पॅनेल लागत नाही, त्यामुळे खर्च आणि चोरीची काळजी दोन्ही कमी. काढणीआधी यंत्र उचला, सेल काढा. तेच यंत्र हरभऱ्यात लावताना सेल नवीन घाला.

ठिबकवरील हळद: मे अखेर-जूनपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, म्हणजे आठ-नऊ महिने. लोरा असेल तर अल्कलाइन सेलवर हंगाम निघतो, तरी ऑक्टोबरमध्ये कंद पोसू लागताना सेल बदलून घ्या. पाण्याचे निर्णय तेव्हाच महत्त्वाचे असतात. सिमकार्डचे यंत्र असेल तर लिथियम-आयन सेल आणि १ वॉटचे पॅनेल लावा, आणि काढणीनंतर मे महिन्याच्या उन्हात ते शेतात सोडू नका.

वर्षभराचे हवामान यंत्र: लिथियम-आयर्न-फॉस्फेट संच आणि पॅनेल. यंत्र सिमकार्डचे असेल तर कन्व्हर्टर स्वतः किती प्रवाह घेते हे विचारा. स्वस्त कन्व्हर्टर काम नसतानाही काही मिलिअँपिअर खाते.

खरेदी करताना

- १८६५० सेलवर ‘९९०० एमएएच’ असे छापलेले दिसले तर घेऊ नका. या आकाराच्या चांगल्या सेलची साठवण साधारण २५०० ते ३५०० एमएएच असते.
- सेल सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा. अस्सल १८६५० साधारण ४५ ग्रॅम भरतो. ३० ग्रॅमच्या आसपास भरला तर तो संशयास्पद समजा.
- जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल शेतात लावू नका. त्यांची उरलेली ताकद सांगता येत नाही.
- लिथियम-आयन आणि लिथियम-आयर्न-फॉस्फेट यांचे चार्जर वेगळे असतात. ४.२ व्होल्टचा चार्जर ३.२ व्होल्टच्या सेलला लावू नका.
- लिथियम सेलसोबत जास्त चार्जिंग, जास्त उतरणे आणि शॉर्टसर्किट थांबवणारे संरक्षक सर्किट घ्याच.
- जुने-नवे किंवा वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र जोडू नका.

शेतात लावताना आणि नंतर

यंत्र बनवून लगेच शेतात रोवू नका. तीन दिवस अंगणात चालवा आणि रोज व्होल्टेज लिहून ठेवा. तारा पेटीत खालच्या बाजूने घ्या, म्हणजे पाणी तारेवरून आत उतरत नाही. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. रोही किंवा रानडुकरांचा त्रास असेल तर खांब पक्का रोवा आणि तार जमिनीत पाइपातून घ्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक ओलाव्याच्या आकड्यासोबत बॅटरीचे व्होल्टेज आणि नोंदीची वेळ मोबाइलवर आली पाहिजे. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेले की त्या यंत्राचा ओलावा खरा धरू नका. लिथियम-आयनसाठी ही पातळी ३.५ व्होल्ट ठेवा. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखे राहते आणि मग एकदम पडते, म्हणून तिथे फक्त व्होल्टेजवर विसंबू नका, पॅनेल चार्ज करते की नाही तेही अधूनमधून पाहा. नोंद येण्याची ठरलेली वेळ दोनदा चुकली तर शेतावर चक्कर मारा. तोवर जुनी पद्धत आहेच: मुळांच्या खोलीवरची मूठभर माती घ्या आणि दाबून पाहा.

फुगलेला, गरम होणारा किंवा पाण्यात बुडालेला लिथियम सेल पुन्हा वापरू नका. उतरलेल्या बॅटऱ्या बांधावर, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर अजिबात नका. लेड-ॲसिड बॅटरी दुकानदाराला परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची व पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून खरेदीच्या वेळीच परत घेण्याबद्दल विचारा.

सहायक कृषी अधिकारी आणि गटांसाठी

गटातर्फे दहा-वीस सेन्सर घ्यायचे असतील तर आधी दोन घ्या. एक उन्हाळ्यात आणि एक झडीत चालवून पाहा. विक्रेत्याकडून झोपेतील प्रवाह, कमाल प्रवाह आणि बॅटरीचा प्रकार लेखी घ्या. सर्व यंत्रांना एकाच प्रकारचे सेल असतील तर बदलणे सोपे जाते. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत सेल बदलल्याची तारीख लिहा. कोणत्या ओलाव्याला पाणी सुरू करायचे हा प्रश्न जमीन आणि पिकाचा आहे. त्यासाठी करडा येथील कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांचा सल्ला घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आधी यंत्राचा झोपेतील प्रवाह कमी करा, मग बॅटरी घ्या.
२. रोजचा खर्च काढा आणि बॅटरीची ७० टक्केच साठवण हिशेबात धरा.
३. लोरा असेल तर अल्कलाइन सेल चालतात. सिमकार्ड असेल तर लिथियम-आयन हवा.
४. वर्षभर उन्हात राहणार असेल तर लिथियम-आयर्न-फॉस्फेट घ्या.
५. ऊन नसताना दहा दिवस चालेल एवढी साठवण ठेवा.
६. व्होल्टेज आणि वेळ दिसत नसेल तर ओलाव्याच्या आकड्यावर पाणी ठरवू नका.